वर्गणी थकली, जिना थांबला

जगाची शांतता राखणाऱ्या संयुक्त राष्ट्रसंघाने २०१९च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या मुख्यालयातले सरकते जिने बंद केले. कारंजंही बंद. प्रतिनिधींचा बार संध्याकाळी पाचलाच आवरू लागला. मुत्सद्देगिरीचं खरं नुकसान झालं असेल तर ते इथंच. कारण एकच: वर्गणी थकलेली. मागणीपत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत पैसे भरायचे, असा नियम. भारतासारखे देश तो पाळतातही. सर्वांत मोठा वाटा, २२ टक्के, अमेरिकेचा. आणि तिचं आर्थिक वर्षच उजाडतं ऑक्टोबरात. तोवर सरचिटणीसांनी दिवे मालवत बसावं.

खरी बहार हिशेबात आहे. मंजूर रकमेतलं जे खर्च झालं नाही, ते सदस्यांना पुढच्या वर्गणीत वळतं करून द्यायचं. खर्च का झालं नाही? पैसे आलेच नाहीत म्हणून. म्हणजे न आलेले पैसे परत करायचे! आडात नाही, तरी पोहरा भरून द्या. आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरीने असा ठराव मांडला असता, तर सभासदांनी त्याला सभेतून उठवलं असतं.

शिक्षा नाही असं नाही. सनदेच्या १९व्या कलमानुसार दोन वर्षांच्या वर्गणीइतकी बाकी चढली की मत जातं. आमसभेतलं, बरं का. सुरक्षा परिषदेतला नकाराधिकार उधारीवरही चालतो.