कॉइल पुरून बसलेली माणसे

सेकंदाला ३ ते ३० आवर्तने करणाऱ्या रेडिओलहरींना अतिनिम्न वारंवारितेच्या लहरी म्हणतात. रेडिओच्या इमारतीचा हा तळमजला. छंद म्हणून त्या टिपणारी मंडळी ही हद्द फारशी पाळत नाहीत. वर काही हजार हर्ट्झपर्यंत खुशाल अतिक्रमण करतात. या पट्ट्यात गाणी लागत नाहीत, बातम्या लागत नाहीत. ८ हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३७,५०० किलोमीटर भरते आणि पृथ्वीचा परीघ आहे ४०,००० किलोमीटर. पाव लहरीइतकी एरियल उभारायची, या नेहमीच्या हिशेबाने ९,००० किलोमीटरहून लांब तार लागेल. एवढ्या तारेला कोणत्याही सोसायटीची सर्वसाधारण सभा गच्ची देणार नाही.

या पट्ट्यातले मुख्य आकर्षण म्हणजे शूमन अनुनाद. जमीन वीजवाहक, वर आयनांबर वीजवाहक, आणि मधल्या पोकळीत जगभर मिळून दर सेकंदाला चाळीस-पन्नास विजा चमकत असतात. त्या धक्क्यांनी ही पोकळी काही ठराविक वारंवारितांना घुमते: सुमारे ७.८, १४, २० हर्ट्झ आणि पुढे. म्युनिकच्या विन्फ्रीड ओटो शूमन यांनी १९५२ मध्ये हे गणिताने मांडले. १९६० मध्ये अमेरिकेत बाल्सर आणि वॅग्नर यांनी मोजून दाखवले. पुढे ७.८३ हा आकडा ध्यानधारणावाल्यांच्या हाती लागला. तेवढीच वारंवारिता सोडणाऱ्या डब्या आता मनःशांतीसाठी विकत मिळतात. खरा अनुनाद दिवसभरात थोडा वर-खाली सरकत असतो, डबी मात्र ७.८३ वर ठाम असते.

हौशी माणसाला ही लहर पकडायला ९,००० किलोमीटर तार लागत नाही, पण जी लागते तीही कमी नाही. लोखंडी किंवा मिश्रधातूच्या गाभ्यावर केसासारख्या बारीक एनॅमल तारेचे हजारो, पुष्कळदा लाखाच्या घरात वेढे घ्यायचे. मोटार वायंडिंगच्या दुकानात अशी तार मिळते, आणि मोटार किती हॉर्सपॉवरची हा प्रश्नही मिळतो. मोटार नाहीच, असे सांगितले की दुकानदार पैसे आधी मागतो.

तयार कॉइल जमिनीत पुरावी लागते, आणि त्याला भक्कम कारण आहे. शूमन अनुनादाचे चुंबकीय क्षेत्र साधारण एक पिकोटेस्ला असते. महाराष्ट्रात पृथ्वीचे स्वतःचे क्षेत्र सुमारे ४० मायक्रोटेस्ला, म्हणजे चार कोटी पट. वाऱ्याने कॉइल जराशी थरथरली तरी या चार कोटींपैकी काही अंश तिच्या तारेत उतरतो आणि हवा तो संकेत दिसेनासा होतो. म्हणून खड्डा. वस्तीपासून लांब, उजेड टाळून, लांबट वस्तू गुंडाळून पुरणाऱ्या माणसाविषयी गावात काय बोलले जाते ते सांगायला नको. पोलीस पाटलाला ‘ब्राझीलच्या विजा बघायच्या आहेत’ असे खरे उत्तर देण्याने प्रकरण मिटत नाही. गुप्तधनाचा हंडा शोधतोय म्हटले तर निदान समजून तरी घेतले जाते.

वस्तीपासून लांब का, याचे उत्तर ५० हर्ट्झ हे आहे. घराघरातली वीज याच वारंवारितेची असते आणि तिची १००, १५०, २०० हर्ट्झची पिलावळ तिच्याबरोबर हिंडते. फ्रिज, मिक्सर, बोअरचा पंप, स्वस्तातला एलईडी दिवा या सर्वांचे यंत्राशी वैर. लोडशेडिंग झाले की आळीतल्या बाकी लोकांचे चेहरे पडतात, तेव्हा हा एकटा प्रसन्न होतो आणि आणखी पाच मिनिटांनी सगळ्यांचे इन्व्हर्टर चालू असल्याचे यंत्रावर पाहून खिन्न होतो. जर्मनी-ऑस्ट्रियातल्या छांदिष्टांचे दुःख वेगळे. तिथली रेल्वे १६.७ हर्ट्झवर चालते, आणि तिची रेघ नेमकी १४ आणि २० हर्ट्झच्या दोन अनुनादांच्या मधोमध बसते.

हे वैर जुने आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. मुंबईत विजेची ट्राम येणार असे ठरले तेव्हा या नोंदींचे काही खरे नाही, हे संचालक नानाभाई मूस यांनी ओळखले आणि वेधशाळेचे चुंबकीय काम अलिबागला नेले. तिथे १९०४ मध्ये पोरबंदरी दगडाची, चुंबकसुईला विचलित न करणारी इमारत उभी राहिली. ट्राम धावली १९०७ मध्ये. येणाऱ्या वाहनाला घाबरून तीन वर्षे आधीच खाडीपार होण्याची ही मुंबईकराची दूरदृष्टी दुर्मीळ म्हणावी लागेल. ट्राम १९६४ मध्ये बंद पडली. वेधशाळा अलिबागलाच राहिली.

सर्व जमले तरी कानाला काही लागत नाही, कारण २० हर्ट्झच्या खाली माणसाचा कानच चालत नाही. संगणकाच्या साउंड कार्डाला कॉइल जोडून पडद्यावर रंगीत चित्र उमटवायचे आणि ते पाहायचे. हर्ट्झच्या शंभराव्या भागाइतका फरक ओळखायचा तर एकेका मापासाठी शंभर सेकंद थांबावे लागते. चित्र रात्रभरात भरते. त्या वेळात यंत्राजवळ फिरकायचे नाही, कारण खिशातल्या किल्ल्याही चित्रात येतात.

मानवनिर्मित संकेत इथे फार थोडे, पण खानदानी. समुद्राच्या पाण्यात खोलवर शिरते ती हीच लहर, म्हणून महासत्तांनी पाणबुड्यांना निरोप धाडण्यासाठी तिचा वापर केला. अमेरिकेने विस्कॉन्सिन आणि मिशिगनमध्ये मैलोगणती तारा टाकून ७६ हर्ट्झचे केंद्र चालवले; तीन अक्षरे पोहोचायला सुमारे पंधरा मिनिटे लागत. २००४ मध्ये ते बंद झाले. रशियाचे कोला द्वीपकल्पावरचे ८२ हर्ट्झचे केंद्र युरोपातल्या हौशी मंडळींनी आपल्या पडद्यांवर अनेकदा टिपले आहे. पाणबुडीला पाठवलेला गुप्त निरोप आपल्या परसात येऊन पोहोचला याचा आनंद मोठा असतो. त्याचा अर्थ कळत नाही, ही बाब त्या आनंदात गौण धरतात.

ज्यांना कानानेच ऐकायचे असते ते काही हजार हर्ट्झवर जातात. पहिल्या महायुद्धात शत्रूचे टेलिफोन चोरून ऐकताना जर्मन भौतिकशास्त्रज्ञ बार्कहाउझेन यांना सूं करत उतरणाऱ्या शिट्ट्या ऐकू आल्या. सैनिकांना ते तोफगोळे वाटले. या शिट्ट्या विजांच्याच असतात आणि पृथ्वीच्या चुंबकीय रेषांवरून दुसऱ्या गोलार्धात फेरी मारून येतात, हे केंब्रिजच्या ओवेन स्टोरी यांनी १९५३ मध्ये उलगडले. विषुववृत्ताजवळ त्या दुर्मीळ. भारतात गुलमर्ग, नैनिताल, वाराणसी इथे त्यांची नोंद झाली आहे. महाराष्ट्राच्या वाट्याला रात्री विजांची ‘टिंव टिंव’ तेवढी येते.

जगातल्या विजांची पाळी ठरलेली असते. आपल्याकडे दुपार असते तेव्हा आशियाचे ढग, संध्याकाळी आफ्रिकेचे, मध्यरात्रीनंतर अमेरिकेचे अनुनादाला जोर देतात. कोकणातला माणूस अ‍ॅमेझॉनची दुपार पडद्यावर पाहू शकतो. मात्र वळवाचा पाऊस गावावर आला आणि जवळच वीज कडाडली की अ‍ॅम्प्लिफायर भरून वाहू लागतो आणि नोंद वाया जाते. अशा वेळी अनुभवी माणूस जोडणी उपटून थेट घर गाठतो.