पायातला तलाठी

माणूस म्हातारा झाला हे सगळ्यात आधी त्याच्या विजारीला कळतं. डावा पाय विनातक्रार आत जातो. उजवा उचलला की खोली हलायला लागते. आपण लंगडी घालत कपाटापर्यंत पोचतो, कपाट आपल्याला सावरतं, आणि एवढं होऊनही पाय नेमका शिवणीत अडकतो. केस पांढरे झाले तर कलप आहे, दात गेले तर कवळी आहे. पलंगावर बसून विजार चढवणं हा मात्र सरळसरळ पराभव. माझ्या वयाचे पुरुष तो आतून कडी लावून पत्करतात.

घरचे लोक दोष गुडघ्याला देतात आणि तेलाची बाटली पुढे करतात. बिचारा गुडघा! भानगड आहे ती बातमीची. आपला कुठला अवयव या क्षणी कुठे आहे, हे एरवी न बघताच आपल्याला कळतं. दिवे गेले तरी घास तोंडातच जातो, कानात जात नाही. चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं १९०६ साली या जाणिवेला ‘प्रोप्रिओसेप्शन’ असं नाव दिलं. (पुढे १९३२ साली मज्जापेशींवरच्या कामाबद्दल त्याला नोबेलही मिळालं.) स्नायूंच्या आत चातीच्या आकाराचे बारीक संवेदक असतात. स्नायू किती ताणला गेला, किती वेगानं ताणला गेला, हे ते वर कळवतात. स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडरांमध्ये दुसरे असतात, ते जोर किती पडतोय ते सांगतात.

महसूल खात्यात हयात गेल्यामुळे मला हा कारभार चटकन उमगला. प्रत्येक स्नायूत एक तलाठी बसलेला आहे. घोटा किती वळला, मांडी कुठवर उचलली, याचे उतारे तो न मागता तालुक्याला धाडतो, आणि मेंदू त्यावर न वाचता सही करतो. तरुणपण म्हणतात ते हेच: साहेबांना फाइल उघडावी लागत नाही.

उतारवयात या संवेदकांची आवरणं जाड होतात, आतले तंतू घटतात, वर जाणाऱ्या नसांचा वेग मंदावतो. उतारे येतात, पण उशिरा आणि पुसट. त्यातही हातांपेक्षा पायांकडचा कारभार जास्त ढिला. मग साहेबांना जागेवर जाऊन पाहणी करावी लागते, म्हणजे डोळे कामाला लागतात. जिना उतरताना आम्ही प्रत्येक पायरीकडे संशयानं बघतो ते यासाठी. आणि नेमका इथेच प्रोग्रेसिव्ह चष्मा घात करतो. त्याचा खालचा भाग पेपर वाचायला केलेला असतो, पायरी दिसते त्यातूनच, म्हणजे धूसर. रात्री लाइट गेले की तेवढंही नाही. मग जिना संपल्यावरही आणखी एक पायरी उतरण्याचा प्रयत्न होतो, आणि सगळा हादरा थेट कवळीत.

डॉक्टरांनी मला पाय जुळवून, डोळे मिटून उभं केलं. मी झुललो. ‘रॉम्बर्ग टेस्ट,’ ते म्हणाले. घरी येऊन वाचलं. मोरिट्झ रॉम्बर्ग हा एकोणिसाव्या शतकातला जर्मन डॉक्टर. त्याचे रुग्ण डोळे मिटले की डोलायचे, तोंड धुताना तोल जायचा. कारण पायाकडून येणारी बातमी मज्जारज्जूतच अडत होती. त्या आजाराचं मूळ पुढे उपदंशात निघालं. माझ्या डोलण्याचं कारण निव्वळ वय आहे, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. तरी उपदंशाचं ते वाक्य मी घरात कुणाला वाचून दाखवलेलं नाही.

आमचे उतारे निदान उशिरा तरी येतात. इयन वॉटरमन या ब्रिटिश तरुणाकडे एके दिवशी ते यायचेच थांबले. १९७१ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तापाच्या आजारानंतर त्याची मानेखालची स्पर्शाची आणि स्थितीची जाणीव गेली. स्नायूंत ताकद होती, पण हात कुठे आहे हे बघितल्याशिवाय कळेना. हा पठ्ठ्या बसायला, उभं राहायला, चालायला पुन्हा शिकला. नुसत्या नजरेनं! प्रत्येक हालचाल बघायची, आखायची, मग करायची. दिवे गेले की तो कोसळायचा. जोनाथन कोल या डॉक्टरांनी त्याच्यावर अख्खं पुस्तक लिहिलंय. ते कळल्यापासून विजारीबद्दल बोलताना मी आवाज जरा खाली ठेवतो.

चालण्यात असं डोकं घालावं लागलं की बोलायला ते उरत नाही. स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९७ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक साधी गोष्ट मांडली. त्यांनी ५८ वृद्धांना चालता चालता बोलतं केलं. बारा जण उत्तर द्यायला थांबले, आणि त्यांतले दहा पुढच्या सहा महिन्यांत पडले. आमच्या सकाळच्या फिरायच्या कंपूला मी हे सांगितलं, तर सगळे ऐकायला थांबले. पण ही परीक्षा मराठी माणसाला लावण्यात अर्थ नाही. आमच्यातले निवृत्त प्राध्यापक पंचविशीतही मुद्दा मांडायचा म्हटला की रस्त्यात उभे राहायचे, आणि समोरच्याचा दंड धरून त्यालाही उभं करायचे.

अमेरिकेतल्या मुलीनं यावर उपाय म्हणून बूट पाठवले. तळ असा मऊ आणि जाड, की पाऊल जमिनीवर आहे की नाही याचाच पत्ता लागेना. असल्या तळव्यांमुळे पावलाचा अंदाज उलट जास्त चुकतो, हे कॅनडातल्या संशोधकांनी म्हाताऱ्या पुरुषांवरच तपासून पाहिलंय. मी आपला पुन्हा कातडी चपलांवर आलो. मुलीला व्हिडिओ कॉलवर बूट दाखवतो. हातात धरून.

माझी फिजिओथेरपिस्ट मात्र व्यवहारी निघाली. ती म्हणाली, ‘काका, एका पायावर उभं राहायची सवय करा. शेजारी घट्ट धरायला काहीतरी हवं.’ ब्राझीलमधला २०२२ सालचा एक अभ्यासही तिनं सांगितला: पन्नाशी ओलांडलेल्या सतराशे जणांत, ज्यांना दहा सेकंद एका पायावर उभं राहता आलं नाही, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. उभं न राहिल्यानं माणूस मरतो असा त्याचा अर्थ नाही, हे तिनं लगेच जोडलं. पण ऐकणाऱ्यानं ऐकायचं ते ऐकलं होतं.

घरात धरायला घट्ट अशी एकच वस्तू सापडली, स्वयंपाकघराचा ओटा. मी रोज सकाळी तिथे बगळा होतो. पहिले काही दिवस ही काही बोलली नाही. टीव्हीवरची मालिका बघत, पोळपाटाकडे ढुंकूनही न पाहता पोळ्या लाटत राहिली, आणि पोळ्या मेल्या गोलच. हिचे तलाठी अजून पहाटे पाचला कचेरी उघडतात.

मग फिजिओथेरपिस्टचा फोन स्पीकरवर असताना हिनं ऐकला. ‘छान जमतंय काका. आता एका पायावर असतानाच हाताला दुसरं काम द्या.’

फोन ठेवायच्या आत माझ्या हातात उलथनं आलं.

‘दोन पायांवर होतात तोवर ओट्याकडे कधी फिरकला नाहीत,’ ही म्हणाली. ‘भाजी खाली लागू देऊ नका. आणि पाय बदलाल तेव्हा मीठ घाला.’