सवलतीचा सूर्य

सौरऊर्जा, गांडूळखत किंवा पर्जन्यजलसंधारण प्रकल्प असलेल्या सोसायट्यांना पुणे महापालिका मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत देते. सौरतंत्राला मिळालेल्या या प्रोत्साहनातून बिबवेवाडीत एक मौलिक संशोधन घडले आहे: उन्हाविना चालणारा सौर बंब.

त्याचा नमुना जुन्या चारमजली इमारतींच्या गच्चीवर आढळतो. टँकरच्या पाण्यातील क्षारांनी काचेच्या नळ्या आतून पांढऱ्या पडलेल्या असतात. दोन नळ्या पतंगाच्या मोसमात फुटलेल्या, टाकीखाली कबुतरांचे बिऱ्हाड. पाणी तापत नाही, सवलत मात्र वेळेवर तापते. आषाढातल्या झडीतही तिच्यात घट नाही, ही कार्यक्षमता जर्मनांनाही साधलेली नाही. (कबुतरांना सवलतीत वाटा नाही, एवढी एक त्रुटी.)

केंद्राच्या सूर्यघर योजनेत, २०२४ पासून, घरगुती छतावरील ३ किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळते. त्यात पॅनेल बसवावे लागतात, जोडावे लागतात, वर नेट मीटर. इतका खटाटोप बिबवेवाडीच्या तंत्राला लागत नाही. म्हणून पुढच्या टप्प्यात बंबाऐवजी बंबाचा फोटो ग्राह्य धरावा. फोटो गळत नाही, गंजत नाही आणि देखभालीच्या वर्गणीवरून सर्वसाधारण सभेत भांडणही होत नाही.

तपासणीची नोटीस आली की रहिवासी जबाबदारीने वागतात. आदल्या रात्री टाकीत गिझरचे गरम पाणी बादल्यांनी ओततात.