पंधरा लिटरांचा गावदौरा

नळाच्या फोटोत पाणी दिसलं पाहिजे, असं वरून आलं आहे. नुसता नळ चालणार नाही. नळ, नळामागे घर, नळाशेजारी घरातली बाई आणि तोटीतून बादलीत पडणारी धार, एवढं सगळं एका चौकटीत बसायला हवं. अक्षांश, रेखांश, तारीख आणि वेळ मोबाइल आपोआप फोटोवर छापतो, तेव्हा लबाडीला जागाच उरत नाही, असं वरच्यांचं म्हणणं. अक्षांश बरोबर असला की पाणीही बरोबर असणार, हे कुणीही मान्य करेल.

अडचण एवढीच, की आमच्या गावच्या नळांना पाणी नव्हतं. बाकी नळयोजना पूर्ण आहे. उद्भव विहीर आहे. पंपघर आहे, पंपघराला कुलूप आहे, कुलपाची किल्ली ठेकेदाराकडे आहे आणि ठेकेदार दुसऱ्या तालुक्यात आहे. जलकुंभ आहे, त्याला निळा रंग आहे आणि तो अजिबात गळत नाही. गळायला आत काहीतरी असावं लागतं. आदल्याच वर्षी झालेला सिमेंटचा रस्ता मधोमध उकरून नळी पुरली आहे. ती तीन फूट खाली जायची होती, वीतभर गेली. खाली खडक लागतो. खडक अंदाजपत्रकात होता, त्याचे पैसेही होते, फक्त तो फोडायला वेळ नव्हता. आणि गावातल्या 112 घरांपुढे सिमेंटचे 112 ठोकळे आहेत, प्रत्येक ठोकळ्यातून पाइप वर आलेला आहे आणि पाइपाच्या टोकाला तोटी आहे. तोटी फिरवली की आतून हवा येते. सुरुवातीला पोरं त्या हवेची गंमत करायची, मग तीही कंटाळली.

मार्चअखेर जवळ आली आणि ग्रामसेवक भाऊसाहेब घामाघूम झाले. 112 फोटो चढवायचे होते, चार दिवस हातात होते. भाऊसाहेब माणूस वाईट नाही. त्यांनी साहेबांना फोन करून सांगितलं, की विहीर तळाला गेलीय, नळाला थेंब नाही. साहेब म्हणाले, पाण्याचं नंतर बघू, आधी फोटो पाठवा.

मग गावाने डोकं लावलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत 200 लिटरचा ड्रम ठेवला, तो हापशावर भरून घेतला. ड्रमाला रबरी नळी. प्रत्येक घरापुढे ट्रॉली उभी करायची, ठोकळ्यामागची जोडणी सोडून तिथे रबरी नळी खुपसायची, आणि कुणीतरी ‘सोडा’ म्हणाला की तोटी फिरवायची. पहिल्याच घरी धार पडली तेव्हा आजूबाजूच्या बायका गोळा झाल्या. एका आजींनी विचारलं, ‘‘भाऊसाहेब, नळाला पाणी आलं का काय?’’ भाऊसाहेब म्हणाले, ‘‘आलं न्हाई आजी, आणलंय.’’

आता बादलीत पडलेलं पाणी कुणाचं, हा प्रश्न शासन निर्णयात नव्हता. पहिल्या घरच्या वहिनींनी तो स्वतःपुरता सोडवला. फोटो झाल्याबरोबर बादली उचलून त्या आत गेल्या. दुसऱ्या घरीही तेच, तिसऱ्या घरीही तेच. बाराव्या घरापर्यंत ड्रमाच्या तळाशी वीसेक लिटर उरलं आणि ट्रॉली मागे वळवून हापशावर न्यायची म्हटलं, तर तिथे सकाळपासून हंड्यांची रांग. ट्रॉली पाहून रांगेतल्या बायकांनी जे सुनावलं ते वर्तमानपत्रात छापता येत नाही. तेव्हा बारावी नापास एका पोराने, ज्याला आम्ही आजवर बिनकामाचा समजत होतो, तोडगा काढला: फोटो झाला की बादली परत ड्रमात ओतायची. आणि तिथून पुढे जे घडलं त्याची नोंद जलव्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांनी घ्यायला हवी. तेच 15 लिटर पाणी तेराव्या घरी नळातून पडलं, बादलीत जमलं, ड्रमात परत गेलं, चौदाव्या घरी पुन्हा नळातून पडलं. पाटलाच्या वाड्यावर पडलं, मांगवाड्यात पडलं, तांड्यावर पडलं. गावात एका पाण्याने सगळीकडे सारखं पडण्याचा हा पहिलाच प्रसंग, आणि तोसुद्धा पिण्यासाठी नव्हे. एका नव्या सुनेने फोटोसाठी नथ घातली. एका म्हाताऱ्याचा फोटो मोबाइलने ‘चेहरा अस्पष्ट’ म्हणून दोनदा परत पाठवला, म्हणून त्याच्याकडे पाणी तीनदा आलं. सध्या गावातला सर्वाधिक पाणीपुरवठा झालेला नागरिक तोच. एके ठिकाणी ठोकळ्याला शेळी बांधलेली होती. ती फोटोत येते म्हणून सोडली, तर तिने बादलीत तोंड घालून लिटरभर पाणी पिऊन टाकलं. त्या दिवशी योजनेचा खराखुरा लाभ मिळालेली शेळी आणि पहिली बारा घरं. शेळीचा फोटो मात्र कुणी चढवला नाही. तूट भरून काढायला मारुतीच्या देवळातून तांब्याभर पाणी आणलं, मारुतीला सांगून. गल्लीच्या टोकाची काही घरं बंद होती. माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलीत, ती उन्हाळा लागल्यावरच येतील. गावात पाणी नाही म्हणून गेलीत, पण नळ तर त्यांच्याही नावावर आहे. मग शेजारच्या मावशी एकेका दारात पदर बदलून उभ्या राहिल्या. कागदोपत्री आता त्या चार कुटुंबांच्या प्रमुख आहेत, आणि रेशनवर चौपट धान्य मागायला हरकत नाही असं त्यांचं मत आहे.

संध्याकाळी हिशेब झाला. 15 लिटर पाणी 100 घरांत पोहोचलं, म्हणजे पंधराशे लिटरचं काम झालं. नियमाप्रमाणे माणशी रोज 55 लिटर हवं, पाच माणसांच्या घराला 275. तेवढं दाखवायला तीच बादली त्याच घरी दिवसातून एकोणीस वेळा न्यावी लागेल. डिझेल परवडलं तर तेही जमण्यासारखं आहे.

पाण्याची तपासणीही झाली. प्रत्येक गावात पाच बायकांना पाणी तपासायचं शिक्षण द्यायचं असं योजनेत आहे, आणि ते आमच्याकडे झालंही आहे. त्यांनी पेटी उघडली, कुपीत थेंब टाकले, रंग जुळवून पाहिले. पाणी उत्तम निघालं. निघणारच, हापशाचं होतं.

आणि एवढ्या सगळ्या फोटोंत हापशाचा फोटो एकही नाही.

हा हापसा बहात्तरच्या दुष्काळानंतरचा. त्या सुमारास खडक फोडणारी यंत्रं मराठवाड्यात आली, बोअर पडल्या. पण त्यांवर बसवलेले बिडाचे पंप भराभर मोडायला लागले, कारण ते एकेका कुटुंबासाठी घडवलेले आणि इथे त्यांच्या दांड्याला अख्खं गाव लोंबकळत होतं. मग जालन्यात आणि सोलापुरात पोलादाचे दणकट पंप तयार झाले. त्यांच्यावरून शिकून सत्तरच्या दशकातच ‘इंडिया मार्क टू’ उभा राहिला आणि पुढे पार आफ्रिकेतल्या खेड्यांपर्यंत पोहोचला. दांडा चाळीस वेळा खालीवर केला की 15 लिटर. वीज लागत नाही, किल्ली लागत नाही. बिघडलाच तर बहुतेक वेळा वायसर गेलेलं असतं. मेकॅनिकची वाट पाहून कंटाळलेल्या आमच्या पोरांनी वर्गणी काढून पान्हे आणले, पाइप ओढायला शिकली, आणि आता शेजारच्या दोन वाड्यांचे हापसेही तीच दुरुस्त करतात. या कामाचं बिल कुणी काढत नाही आणि याचं उद्घाटनही झालेलं नाही. म्हणूनच बहुधा ते चालू आहे.

बहात्तरनंतरच्या योजनांत खेड्यातल्या माणसाला रोज 40 लिटर हे माप धरलेलं होतं. आता 55. म्हणजे अर्ध्या शतकात कागदावर माणशी 15 लिटरची वाढ झाली, आणि ते 15 लिटर कोणते हे मी माझ्या डोळ्यांनी ट्रॉलीत पाहिलं आहे. 2019 साली स्वातंत्र्यदिनी घोषणा झाली, की 2024 पर्यंत प्रत्येक ग्रामीण घरात नळाने पाणी. 2025 च्या अर्थसंकल्पात ती मुदत 2028 पर्यंत गेली. काही गावांत पाणी येतंही. तिथले लोक सदरं लिहीत नाहीत, त्यामुळे त्यांची बाजू इथे येत नाही.

पण पाणी का नाही, हे शोधायला काही समिती बसवायची गरज नाही. या राज्याचे पाचातले चार भाग काळ्या कातळावर बसलेले आहेत. त्या कातळात पाणी मुरतं ते वरच्या मुरमात आणि भेगांत. भांडार मुळातच उथळ. पाऊस बरा झाला तरी फेब्रुवारीत विहिरी तळ दाखवतात. हे आमच्याकडे बैलालाही कळतं. उद्भव विहिरीची जागा पाहायला मात्र साहेब ऑक्टोबरात आले. तेव्हा ती जागा ओली होती. ऑक्टोबरात आमच्याकडे सगळंच ओलं असतं, म्हशीच्या डबक्यावरसुद्धा योजना मंजूर होईल. गावातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलं होतं, की साहेब, एवढंच मे महिन्यात येऊन बघा. मे महिन्यात साहेबांची प्रशिक्षणं असतात. वरच्या ओढ्यावर दोन बंधारे दुरुस्त करा, विहिरीच्या डोक्यावर पाणी अडवा, मग नळी टाका, हेही सांगितलं होतं. ते या लेखाशीर्षात बसत नाही असं उत्तर आलं. नळी एका लेखाशीर्षात, विहीर त्याच लेखाशीर्षात, आणि विहिरीत पडणारं पाणी दुसऱ्या खात्याच्या लेखाशीर्षात!

फोटो चढले आणि आठवड्याने गावाने टँकर मागितला. टँकरचं माप माणशी 20 लिटर. 55 चं स्वप्न बघणाऱ्याला तेही खूप होतं. उत्तर काय यावं? आपल्या गावात 112 कार्यात्मक नळजोडण्या आहेत, सर्व छायाचित्रांत पाणी स्पष्ट दिसत आहे, सबब टँकरचा प्रस्ताव अमान्य. झालं. ज्या हापशाच्या पाण्याने फोटो काढले, त्या पाण्याने गावाचा टँकर बंद केला. तो कागद वाचून मला हसू आलं नाही. तो लिहिणाऱ्या माणसाच्या टेबलावर पाण्याची बाटली होती, हे मी पैजेवर सांगतो, आणि ती संपल्यावर दुसरी आणून द्यायला शिपाई होता. त्याला एक कळशी द्या आणि पहाटे चारला आमच्या रांगेत उभा करा. दोन तासांनी नंबर लागेल. मग ती कळशी डोक्यावर घेऊन त्याने कार्यालयाचा जिना चढावा आणि तेच वाक्य पुन्हा लिहावं, आणि लिहिताना ‘सबब’ हा शब्द तेवढ्याच ठसठशीत अक्षरात काढून दाखवावा.

आणि आता माझं जुनं दुखणं. दर उन्हाळ्यात शहरातून पाहुणे येतात. त्यांच्या गळ्यात कॅमेरे असतात आणि पिशवीत प्रश्नावल्या. ते हापशावरची रांग बघतात, पोरांचे पान्हे बघतात, भारावतात आणि म्हणतात, ‘‘काय चिवट लोक आहात हो तुम्ही! तुमच्याकडून शिकण्यासारखं आहे.’’ मग त्या चिवटपणावर सभागृहात चर्चासत्र होतं, थंड हवेत, जेवणासह. अहो, चिवटपणा ही आमच्या गावाची लोककला नाही. हंडा घेऊन अर्धा कोस चालणाऱ्या बाईला तिचं मणक्याचं दुखणं विचारा, रांगेपायी शाळा बुडणाऱ्या पोरीला तिची हजेरी विचारा. तुम्ही राहता त्या इमारतीत दोन तास पाणी गेलं, तर सोसायटीच्या सचिवाचा फोन तापतो. तिथे कुणी येऊन तुमच्या चिवटपणाची चित्रफीत काढली तर चालेल का? चिवटपणाचं कौतुक जितकं वाढतं तितकं पुढच्या वर्षीचं अंदाजपत्रक आखडतं, असा माझा अनुभव आहे. हे निभावून नेतात ना, मग आणखी थोडं नेतील!

असो. योजना पूर्ण झाली आहे, तेव्हा आता भाऊसाहेबांकडे लोकवर्गणीचा कागद आला आहे. गावातल्या कामाच्या खर्चाचा दहावा हिस्सा गावाने द्यायचा. रोख, वस्तू किंवा श्रम, काहीही चालतं. ग्रामसभेत हे वाचून दाखवलं, तेव्हा आधी कुणी बोललंच नाही. मग त्या बारावी नापास पोराने सुचवलं, की पाचशेची एकच नोट घेऊ, घरोघर फिरवू, देताना फोटो काढू. भाऊसाहेबांनी ही सूचना इतिवृत्तात घेतली नाही, पण बराच वेळ विचार करत होते.

शेवटी थोरल्या आक्का उठल्या. लग्न होऊन आल्यापासून त्या पाणी वाहताहेत. म्हणाल्या, ‘‘श्रम चालतं ना? मग माझं बहात्तर सालापासूनचं मांडा. रोज पहाटंचे हंडे, सांजचे हंडे. माझी वर्गणी फिटून वर किती पैसे निघत्यात ते सांगा, मी थांबते.’’

भाऊसाहेबांनी कागद पुन्हा नीट वाचला. श्रम चालतं, त्याला हरकत नाही, ते म्हणाले. फक्त काम करतानाचा फोटो लागेल, अक्षांश-रेखांशासह.