वन्समोअरचे दोन पक्ष

मराठी संगीत रंगभूमीच्या भरभराटीच्या काळात, म्हणजे 1910 नंतरच्या दहाबारा वर्षांत, नाटकाला जाणे आणि गाण्याला जाणे यांत फारसा फरक उरला नव्हता. कथानक प्रेक्षकांना पाठ असे. ‘सौभद्र’मधली सुभद्रा शेवटी अर्जुनालाच मिळणार, याबद्दल कोणाच्या जिवाला घोर नसे. घोर असे तो एकाच गोष्टीचा: आज गळा लागलाय की नाही? हा गळा कोणाचा, यावरून त्या काळच्या रसिकांत दोन तट पडले होते. एक नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व यांचा, दुसरा केशवराव भोसले यांचा.

तट पडावेत इतके अंतर दोघांत मुळात नव्हते. बालगंधर्वांचा जन्म 1888 चा, केशवरावांचा 1890 चा. दोघेही पोरवयापासून गाणारे, दोघांनीही स्त्रीभूमिकांत नाव काढलेले आणि पुढे दोघेही कंपनीचे मालक झालेले. केशवरावांनी 1908 साली हुबळीला ‘ललितकलादर्श’ काढली तेव्हा त्यांना अठरावे वर्षही सरले नव्हते. गंधर्व नाटक मंडळी 1913 ची. नाटकेही पुष्कळदा तीच, पदेही तीच. फरक होता तो तालमीचा आणि आवाजाच्या जातीचा. बालगंधर्वांना भास्करबुवा बखल्यांची तालीम मिळालेली. गाणे गोड, लडिवाळ, लयीच्या अंगाने हळूच वळणारे. केशवरावांवर रामकृष्णबुवा वझ्यांचा संस्कार. आवाज उंच, धारदार, तान सुटली की थेट पिटाच्या शेवटच्या बाकड्यापर्यंत जाणारी. संगीतशास्त्राच्या पुस्तकात हा भेद परिच्छेदभरात आटोपतो. चाहत्यांना त्यासाठी आयुष्य पुरले नाही.

या चाहत्यांचे मुख्य हत्यार म्हणजे वन्समोअर. पद संपते न संपते तोच पिटातून आरोळी उठे. समोर प्रसंग कोणताही असो. नायिका विरहाने कासावीस झालेली असो की नायकाला तातडीने रणांगणावर जायचे असो, नट थबके, ऑर्गनवाला पुन्हा सूर धरी, तबलजी हातोडीने एखादा गट्टा ठोकून घेई आणि विरह पहिल्यापासून सुरू होई. शेजारी उभ्या असलेल्या गद्य नटाने या अवधीत काय करावे, हे नाट्यशास्त्रात कोठेही सांगितलेले नाही. तो बहुधा उपरण्याची घडी नीट करी. रात्री नऊच्या सुमारास उघडलेला पडदा पहाटे पडणे हा त्यामुळे अपवाद नव्हता, रिवाज होता.

वन्समोअर घेण्याच्या रीतीवरून भक्त ओळखू येई. गंधर्वभक्त डोळे मिटून ऐके, समेवर मान हलवी आणि तानांची मोजदाद हा अरसिकपणा मानी. केशवरावांचा चाहता मोजदादीलाच बसलेला असे. तान किती आवर्तने चालली, श्वास कोठे घेतला आणि शेजारच्या गंधर्वभक्ताचा चेहरा त्या वेळी कसा झाला, याचा हिशेब त्याच्यापाशी चोख असे. एकाच्या मते दुसऱ्याचा नट नुसता ओरडायचा. दुसऱ्याच्या मते पहिल्याचा नुसता लाजायचा. दोघेही आपले मत नाटक पाहण्यापूर्वीच पक्के करून येत, त्यामुळे प्रयोगाने त्यात व्यत्यय येत नसे.

गंधर्वभक्तीचे क्षेत्र मात्र नाट्यगृहाबाहेरही पसरलेले होते. पुरुष ‘गंधर्व टोपी’ घालून मिरवत. घराघरांतल्या स्त्रिया बालगंधर्वांचे पाहून पदर घेत, अंबाडा घालत, गजरा माळत. शालीन स्त्रीने कसे बसावे, कसे वळावे, हे अवघ्या मध्यमवर्गाने एका पुरुषाकडून शिकावे आणि त्यात कोणालाच काही वावगे वाटू नये, हा समाजशास्त्राला अजून नीट न सुटलेला भाग आहे. कंपनीचा थाटही भक्तीला साजेसा होता: खरे शालू, खरे दागिने, अत्तराचा घमघमाट. हा घमघमाट पुढे कर्जाच्या रूपाने बराच काळ दरवळत राहिला. केशवरावांच्या वाट्याला असे अनुकरण आले नाही. त्यांची तान डोक्यावर घालून मिरवण्यासारखी नव्हती.

दोन्ही तटांना निकाल लावण्याची संधी मिळाली ती 8 जुलै 1921 रोजी. टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी दोन्ही कंपन्यांनी मिळून मुंबईच्या बालीवाला थिएटरात ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग केला. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव. दर भरमसाट ठेवूनही थिएटर तुडुंब भरले. आलेल्यांपैकी स्वराज्यासाठी किती आले आणि सामना पाहायला किती, याची वर्गवारी कोणी केली नाही; न केलेलीच बरी.

नाटकाची निवडही मासलेवाईक होती. ‘मानापमान’मधली भामिनी गरीब सेनापती धैर्यधराला प्रथम तुच्छ लेखून नाकारते. म्हणजे केशवरावांच्या चाहत्यांना आपल्या नटाचा पाणउतारा भर रंगमंचावर, पैसे मोजून पाहावा लागला आणि गंधर्वभक्तांना तो मनातल्या मनात वन्समोअर म्हणून पुन्हा मागता आला. पुढे भामिनीच त्या शूर माणसावर भाळते, तेव्हा पारडे फिरले. शेवटी दोघांचे लग्न लागते. निकाल बरोबरीत सुटणार हे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी दहा वर्षे आधीच लिहून ठेवले होते, पण प्रेक्षकांतल्या कोणी तो मान्य केल्याची नोंद नाही. रंगमंचावर मात्र दोघे एकमेकांना सांभाळून, एकमेकांचे ऐकत गायले. चाहत्यांना यासारखी निराशा दुसरी नसते.

त्याच महिन्यात दोघांचे संयुक्त ‘सौभद्र’ही झाले. त्यानंतर 4 ऑक्टोबर 1921 ला विषमज्वराने केशवराव गेले; वय एकतीस. वाद त्यामुळे थांबायला हवा होता, पण तो नुसता पत्ता बदलून मास्टर दीनानाथ मंगेशकरांकडे गेला. गोव्यातल्या मंगेशीचे दीनानाथ केशवरावांहून दहा वर्षांनी लहान, बलवंत संगीत मंडळीचे, आणि तानेच्या आक्रमकपणात कोणाला न ऐकणारे. गंधर्वभक्तांना पुन्हा कामाला लागावे लागले. जुने आक्षेप नाव बदलून तसेच्या तसे वापरता आले, एवढीच काय ती सोय.

पुढे तुलना ग्रामोफोनवर आली. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. थिएटरात ऐसपैस पसरणारे पद त्यात अंग चोरून बसे. त्यामुळे दोन्ही पक्षांना एक कायमची पळवाट सापडली. रेकॉर्ड आपल्या नटाची असली आणि ऐकणाऱ्यावर छाप पडली नाही, तर “प्रत्यक्ष ऐकायला हवं होतंत” असे म्हणायचे. ज्याने प्रत्यक्ष ऐकले होते तो समोर असला, तर “त्या दिवशी गळा लागला नसेल” असे म्हणायचे. बाकी वन्समोअर घरच्या घरी घेता येऊ लागला. त्यासाठी ओरडावे लागत नसे. मुलाला हाक मारून सुई पुन्हा मागे ठेवायला सांगितले की पुरे.