सापळेवाले आबा

हापूसच्या प्रत्येक गावात असा एक असतोच. कुणी निवृत्त मास्तर, कुणी मुंबईची नोकरी संपवून बापजाद्यांच्या कलमांत परतलेला. पाळण्यातलं नाव काही असो, गावाला ते सापळेवाले आबा.

फळं पोसायला लागली की आबा बागेत बरण्या टांगतात. बरणीत लाकडी ठोकळा, त्यात मुरवलेलं मिथाइल युजेनॉल आणि थोडं कीटकनाशक. हे मिथाइल युजेनॉल म्हणजे आपल्या तुळशीत असतं तेच सुवासिक द्रव्य. फळमाशीचा नर त्याच्यासाठी जीव टाकतो, अगदी शब्दशः.

टांगताना आबांच्या सदऱ्यालाही ते लागतं. मग बागेतून चालले की पाठीवर पाच-सहा नर बसलेले. आबा झटकत नाहीत, मोजतात.

तुळशीवृंदावनासमोर तर ते तास तास बसतात. उतारवयात भक्ती लागली, असं शेजारणींना वाटतं. आबांच्या ओठांवर पुटपुट असते खरी, पण ती 'सतरा, अठरा, हा मघाचाच' अशी.

दर सोमवारी ओट्यावर वर्तमानपत्र पसरून बरण्या उपड्या होतात आणि वहीत आकडा चढतो. माशी वाढतेय का, काढणीची घाई करायची का, हे त्या आकड्यावरून ठरवायचं असतं. आबांना तो क्रिकेटच्या धावफलकासारखा वाटतो. "आमच्याकडं दोनशे दहा. तुमच्याकडं?" शेजाऱ्यानं "साठ" म्हटलं की आबांची कळी खुलते. जास्त माश्या म्हणजे जास्त धोका, हे त्यांना सांगायची गावात कुणाची छाती नाही.

पाहुणा आला की आधी पाणी, मग हॉवलेट. "पुसाच्या संशोधन संस्थेतला साहेब. डास पळवायला म्हणून कुणी सिट्रोनेलाचं तेल लावलं, तर डास राहिले बाजूला, फळमाश्याच जमल्या! 1912 साली छापलंय त्यानं. त्या तेलातही हेच मिथाइल युजेनॉल!" पाहुण्यानं घड्याळ पाहिलं की रोटा बेट निघतं. पॅसिफिकमधल्या त्या बेटावरून 1960च्या दशकात याच वासाच्या जोरावर फळमाशी पार नाहीशी केली होती. "अख्खं बेट! मग आपली वाडी ती केवढी?" बेटाला चारी बाजूंनी समुद्र असतो, वाडीला चारी बाजूंनी भाऊबंद असतात, हा फरक आबा धरत नाहीत. भाऊबंद सापळे लावत नाहीत. आबांच्या बरण्यांचा वास आपल्याही माश्या ओढून नेतो, मग खर्च कशाला, असा त्यांचा रोकडा हिशोब.

2014 साली युरोपनं फळमाशीमुळे भारतीय आंब्याला दार लावलं, तेव्हा मात्र आबांचे दिवस आले. जो तो विचारायला यायचा. पुढच्या वर्षी दार उघडलं आणि ओटा पुन्हा रिकामा झाला. युरोपनं जरा घाईच केली, असं आबांचं खासगी मत आहे.

लग्नात त्यांना नवरदेवाजवळ बसवू नये. अत्तराचा वास आला की सुरू होतात, "फळमाशीचा नर मिथाइल युजेनॉल खातो, पोटात त्याचा दुसरा गंध बनवतो आणि त्यावर मादी भाळते. तुमचं चाललंय ते योग्यच आहे."

मादी स्वतः मात्र या बरणीकडे फारशी फिरकत नाही. ती आंब्याची साल टोचून अंडी घालण्यात गुंतलेली असते. अळ्या गर खातात, फळ गळतं, अळ्या मातीत शिरून कोष करतात आणि नवी माशी वर येते. म्हणून गळका आंबा रोज वेचून खोल पुरावा लागतो. या कामात ना वही, ना आकडा, ना हॉवलेट. आबांची कंबर नेमकी तेव्हाच धरते.

परवा आबा ओट्यावरून ओरडले, "अहो, ऐकलंत का? तीनशे पार!" काकू, म्हणजे आबांच्या सौभाग्यवती, कुजक्या आंब्यांची पाटी डोक्यावर घेऊन खड्ड्याकडे निघाल्या होत्या.

"तुमच्या बरणीत सगळे नवरेच," त्या न थांबता म्हणाल्या. "बायका काय करून ठेवतात ते या पाटीत बघा. आणि बघून झालं की फावडं आणा."