नंबरवाले

शिकागोजवळच्या रोझमाँटला नोव्हेंबरात जुन्या मसल कारचं मोठं प्रदर्शन भरतं. लोक रंग बघतात, क्रोम बघतात, गाडीला टेकून फोटो काढतात. एक गृहस्थ मात्र गाडीपाशी येताच गुडघे टेकतात. हातात बॅटरी, दांडीला लावलेला छोटा आरसा, खिशात मळकी वही. त्यांना आपण नंबरवाले म्हणू. अमेरिकेतल्या प्रत्येक प्रदर्शनात ते असतात आणि ते दिसले की भल्या भल्या मालकांच्या पोटात गोळा येतो.

“छान ठेवलीय गाडी,” ते म्हणतात. आणि त्याच श्वासात, “कागद आहेत?”

गाडी अस्सल की बनावट, या संशयाचं मूळ १९६४ सालात आहे. पॉन्टिअ‍ॅकने लेमान्स या मध्यम गाडीत मोठं इंजिन घालून जीटीओ विकायला काढली. पण वेगळं मॉडेल म्हणून नव्हे, जादा पैसे मोजून घ्यायचं पॅकेज म्हणून. त्यामुळे १९६४-६५ची गाडी जीटीओ आहे की साधी लेमान्स, याबद्दल चासी नंबर ब्रही काढत नाही. १९६६पासून तो ‘२४२’ने सुरू होऊ लागला. शेव्हर्लेचा कारभार उलटा. शेव्हेल एसएस ३९६चा नंबर १९६६ ते ६८ ‘१३८’ने सुरू होई, १९६९ला एसएस पॅकेजात गेली आणि नंबराची वाचा बसली. कॅमॅरो झेड/२८ तर १९७१पर्यंत मुकीच. मग काय, पट्टे ओढा, बिल्ले ठोका, झाली झेड/२८! सज्जन विक्रेता अशा गाडीला ‘ट्रिब्यूट’ म्हणतो. दुसरा काहीच म्हणत नाही, फक्त किंमत सांगतो.

म्हणून नंबरवाले बॉनेटखाली शिरतात. शेव्हर्लेच्या इंजिनावर उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे एक सपाट पट्टी असते, तिच्यावर कोड ठोकलेला. ‘टी’ने सुरू झाला तर इंजिन टोनावांडाच्या कारखान्यातलं, ‘व्ही’ने झाला तर फ्लिंटचं. पण ते अक्षरं नंतर वाचतात. आधी बघतात पट्टीवरच्या बारीक समांतर रेघा. कारखान्यातल्या यंत्राच्या त्या खुणा. पट्टी घासून नवे आकडे ठोकले की रेघा जातात, आणि सोबत मालकाच्या चेहऱ्यावरचा रंगही. पुढे ओतकामाची तारीख: ‘सी १४ ९’ म्हणजे १४ मार्च १९६९. गाडी फेब्रुवारीत जोडलेली आणि इंजिन मार्चमध्ये ओतलेलं निघालं, की नंबरवाले वही मिटतात. बोलत काहीच नाहीत. ते फार लागतं.

चासी नंबराच्या पट्टीचे फुलाच्या आकाराचे रिबिटसुद्धा ते आरशात निरखतात. तसेच नवे रिबिट विकत मिळतात, हे त्यांना ठाऊक आहे. विकणाराही त्यांना ठाऊक आहे.

त्यांचं परमदैवत मात्र बिल्ड शीट. गाडीत काय काय बसवायचं हे कामगारांना सांगणारा तो कागद. काम झाल्यावर सीटच्या स्प्रिंगांत किंवा पेट्रोलच्या टाकीवर तसाच राहून जाई. त्याचा अर्धा उंदरांनी कुरतडलेला तुकडा सापडला, तरी नंबरवाले दोन्ही हातांनी धरतात. फोर्डवाल्यांना एवढे हाल नाहीत: १९६७पासूनच्या नोंदी केविन मार्टी यांच्याकडे आहेत, पैसे भरा, अहवाल घ्या. नंबरवाल्यांना हा प्रकार थोडा अळणी वाटतो.

तरी त्यांची लाडकी गाडी फोर्डचीच. १९६८च्या ‘बुलिट’ सिनेमात स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली मस्टँग, नंबर ८आर०२एस१२५५५९. आठ म्हणजे १९६८, ‘आर’ म्हणजे सॅन होजेचा कारखाना, ‘एस’ म्हणजे ३९० घनइंची इंजिन. हे ते झोपेतही म्हणतील. १९७४पासून ती एका कुटुंबाकडे होती आणि घरातल्या बाई तिच्यातून शाळेत शिकवायला जात. मॅक्वीनने १९७७मध्ये पत्र लिहून ती परत मागितली, मिळाली नाही. २०२०च्या जानेवारीत फ्लोरिडातल्या लिलावात फीसकट ३७ लाख ४० हजार डॉलरला गेली: गंजलेली, रंग उडालेली, वरून तशीच ठेवलेली.

तेव्हापासून तर चकचकीत गाडी दिसली की नंबरवाल्यांच्या कपाळाला आठी पडते. कारखान्यात इतका नीट रंग कुणी दिला होता? तिथे घाईत ओघळ यायचे, तपासनीस खडूने खुणा करायचे. हे ओळखून जाणते कारागीर आता ओघळ मुद्दाम काढतात, खुणाही हाताने रेखतात. परवा अशाच एका ओघळापुढे नंबरवाले बराच वेळ बसून होते. मालकाने शेवटी धीर करून विचारलं, “काही चुकलंय का?”

“नाही, नाही,” ते म्हणाले, “ओघळ उत्तम आहे. जरा जास्तच मन लावून काढलाय.”